फणी, ब्रश आणि मुकुट

आमच्या स्वयंपाकघरांत व्याकरणाचें जेवढें गूढ भरलेलें आहे, तेवढें शाळेच्या पुस्तकांत क्वचितच सांपडेल. दळणें या क्रियापदापासून ‘दळण’ झालें. तें म्हणजे दळण्यासाठीं काढून ठेवलेलें धान्य. वाटणें या क्रियापदाला तोच प्रत्यय लागून ‘वाटण’ झालें. पण तें मात्र पाट्यावरून, किंवा हल्लीं मिक्सरमधून, वाटून बाहेर आलेलें. एकांत क्रिया व्हावयाची आहे, दुसऱ्यांत ती होऊन गेली आहे. त्याच प्रत्ययानें झाकणें या क्रियापदाचें ‘झाकण’ केलें, तर तें साधन झालें. किसणी आणि चाळणी हीं उपकरणें. पेरणी, कापणी, मळणी हीं कामें. आणि मागणी हें काम तर खरेंच, पण तें मुलीच्या घरीं जाऊन करावयाचें. लाटण्याच्या बाबतींत तर मराठीनें प्रत्ययाचीही तसदी घेतलेली नाहीं. पोळी लाटणें ही क्रिया, आणि ती ज्यानें लाटावयाची तें लांकूडही लाटणेंच.

घरांतल्या लहान मुलाला हें सारें कोणी बसवून शिकवीत नाहीं. तें एखादे वेळीं किसणीला ‘किसण’ म्हणतें. आजी हंसते, काकू शब्द दुरुस्त करते, आणि दोन दिवसांनीं तें बरोबर बोलूं लागतें. वास्तविक तर्कदृष्ट्या त्या मुलाचें कांहींच चुकलेलें नसतें. झाकणें यापासून झाकण होतें, तर किसणें यापासून किसण कां होऊं नये? याला उत्तर एकच, कीं आपल्यांत तसें म्हणत नाहींत. जगांतील सर्व जन्मजात भाषा या एका उत्तरावर चालतात, आणि चांगल्या चालतात.

परंतु ज्या भाषेला आजीच नाहीं, जी एका मनुष्यानें टेबलाशीं बसून समजून उमजून रचली आहे, तिच्यांत हें उत्तर कोणीं कोणाला द्यावें? क्रियापदापासून नाम करावयाचें तर तें कोणत्या अर्थाचें होणार, हें तेथें ठरवावयाचें कशावरून? हा प्रश्न वरवर पाहतां रिकामटेकड्या पंडितांचा वाटतो. पण याच प्रश्नाला धरून १९०७-०८ सालीं युरोपांतील एका मोठ्या चळवळीचीं दोन शकलें झालीं, आणि वर्षानुवर्षें एका पंक्तीला बसलेलीं माणसें एकमेकांशीं बोलेनाशीं झालीं. ती हकीकत या महिन्यांत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्ही योजिलें आहे.

लुडविक झामेनहोफ हे पेशानें नेत्रवैद्य. त्यांचा जन्म १८५९ सालीं बियालिस्तोक येथें झाला. हें गांव आज पोलंडांत आहे. त्या काळीं तें रशियन साम्राज्यांत मोडत असे. गांवांत रशियन, पोलिश, जर्मन व यहुदी लोक शेजारीं शेजारीं राहत आणि एकमेकांकडे संशयानें पाहत. सर्वांना समान परकी आणि सर्वांना समान सोपी अशी एखादी दुसरी भाषा असती तर हा विखार कमी झाला असता, असें त्या मुलाच्या मनानें घेतलें, आणि तें वेड त्यांनीं पुढें आयुष्यभर सोडलें नाहीं. १८८७ सालीं वॉर्सा येथें त्यांनीं एक लहानसें रशियन पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यावर स्वतःचें नांव न घालतां ‘डॉक्टर एस्पेरांतो’ असें टोपणनांव घातलें. पुढें तेंच भाषेचें नांव होऊन बसलें.

हें नांवच आपल्या विषयाचा पहिला मासला आहे. ‘एस्पेर’ हा धातु, अर्थ आशा करणें. त्याला ‘आंत’ हा चालू क्रिया दाखविणारा प्रत्यय, आपल्या संस्कृतांतील शतृ प्रत्ययाच्या जातीचा. शेवटीं ‘ओ’, कारण या भाषेंतील प्रत्येक नाम ओकारांत असतें. मिळून अर्थ झाला, ‘आशा करीत असलेला मनुष्य’. म्हणजे भाषेचें नांव हेंच एक धातुसाधित नाम आहे.

सारें व्याकरण सोळा नियमांत बसविलेलें. मूळ पुस्तकांत धातु सुमारें नऊशें. नाम ओकारांत, विशेषण आकारांत, क्रियापदाचें मूळ रूप ईकारांत. याला अपवाद नाहीं. बाकी सर्व काम थोड्याशा प्रत्ययांनीं भागवावयाचें. ‘स्क्रिबी’ म्हणजे लिहिणें. ‘इल’ हा साधनाचा प्रत्यय लावला कीं ‘स्क्रिबिलो’, लिहिण्याचें साधन. ‘इस्त’ हा धंद्याचा प्रत्यय. ‘स्क्रिबिस्तो’ म्हणजे लेखनावर पोट भरणारा. ‘आझ’ हा प्रत्यक्ष वस्तूचा. ‘स्क्रिबाझो’ म्हणजे लिहिलेला मजकूर. ‘आद’ हा क्रिया चालू राहण्याचा. ‘स्क्रिबादो’ म्हणजे लिहीत राहणें. ‘कुइरी’ म्हणजे स्वयंपाक करणें, आणि ‘एय’ हा स्थळाचा प्रत्यय. तेव्हां ‘कुइरेयो’ म्हणजे काय, हें आमच्या वाचक भगिनींनीं न सांगतां ओळखलें असेल. ‘लेर्नी’ म्हणजे शिकणें हें एकदां कळलें, कीं शाळा ‘लेर्नेयो’ आणि शिकत असलेला ‘लेर्नांतो’. पांच धातु आणि सहा प्रत्यय पाठ केले कीं तीस शब्द हातीं येतात, आणि त्यांतला एकही कोशांत पाहावा लागत नाहीं.

कांहीं ठिकाणीं तर ही भाषा आमच्या मराठीहून अधिक नेमकी आहे, हें कबूल केलें पाहिजे. ‘लिहिणारा’ या आपल्या शब्दांत काळाचा पत्ता लागत नाहीं. पत्र लिहिणारा कोण, असें विचारलें तर त्यानें तें लिहून टाकलें आहे कीं तो अजून लिहीत आहे, हें बाकीच्या वाक्यावरून ताडावें लागतें. एस्पेरांतोंत लिहीत असलेला तो ‘स्क्रिबांतो’, लिहून झालेला ‘स्क्रिबिंतो’ आणि लिहिणार असलेला ‘स्क्रिबोंतो’. एका स्वराच्या फरकानें तीन काळ. तसेंच आमचा ‘मुद्रक’ पाहा. पूर्वीं तो मनुष्य असे. पुस्तकाच्या पहिल्या पानाच्या पाठीवर त्याचें नांव असे. आतां टेबलावरच्या यंत्रालाही मुद्रकच म्हणूं लागले आहेत. तिकडे ‘प्रेसी’ म्हणजे छापणें. छापणारा ‘प्रेसिस्तो’, छापण्याचें यंत्र ‘प्रेसिलो’ आणि छापखाना ‘प्रेसेयो’. घोटाळ्याला जागाच नाहीं.

येथवर सर्व सुरळीत आहे. आतां खडा लागतो.

केस विंचरण्याला एस्पेरांतोंत ‘कोम्बी’ म्हणतात. त्याला नामाचा ओकार लावला कीं ‘कोम्बो’ होतें, आणि त्याचा अर्थ विंचरण्याची क्रिया, म्हणजे वेणीफणींतली निम्मी. फणी पाहिजे असेल तर साधनाचा प्रत्यय लावून ‘कोम्बिलो’ म्हणावें लागतें. ठीक आहे. आतां ब्रशनें झाडणें याला शब्द आहे ‘ब्रोसी’. त्याला ओकार लावून ‘ब्रोसो’ केलें, तर अर्थ झाडण्याची क्रिया असा व्हावयास पाहिजे. पण नाहीं! ‘ब्रोसो’ म्हणजे तो ब्रशच; आणि झाडण्याच्या क्रियेला ‘ब्रोसादो’ म्हणावें लागतें. फणी आणि ब्रश एकाच पेटींत राहतात, दोघांचें काम केसांवर, दोघांची क्रियापदें एकाच घडणीचीं; पण एकाला ओकार लावल्यानें क्रिया मिळते आणि दुसऱ्याला तोच ओकार लावल्यानें वस्तु मिळते. नव्या विद्यार्थ्यानें काय समजावें?

हें झालें कसें, तें पाहण्यासारखें आहे. १९०५ सालीं भाषेचा जो मूलग्रंथ कायम करण्यांत आला, त्यांतील कोशांत प्रत्येक धातूचा अर्थ फ्रेंच, इंग्रजी, जर्मन, रशियन व पोलिश अशा पांच भाषांत दिला आहे. तेथें ‘ब्रोस’पुढें फ्रेंचांत ब्रश या वस्तूचें नांव आहे; ‘कोम्ब’पुढें मात्र विंचरणें हें क्रियापद आहे. म्हणजे एक धातु जन्मतः नाम आणि दुसरा जन्मतः क्रियापद. गंमत अशी, कीं त्याच ओळींत जे इंग्रजी शब्द दिले आहेत त्यांवरून कांहींच उमगत नाहीं; कारण इंग्रजींत ‘कोम’ म्हणजे फणी आणि विंचरणेंही, व ‘ब्रश’ म्हणजे वस्तु आणि क्रियाही. इंग्रजीच्या आधारें शिकणाऱ्याला दोन्ही धातु सख्खे भाऊ वाटणार. झामेनहोफ हे व्याकरणशास्त्री नव्हते. त्यांनीं कानाला जें ठीक वाटलें तें घेतलें, आणि त्यामागें कांहीं नियम आहे कीं नाहीं हें त्यांच्या अनुयायांनीं मागाहून शोधावें असा प्रकार झाला.

हा सैलपणा ज्यांच्या डोळ्यांत सलला ते लुई कुतुरा, फ्रान्सांतील तर्कशास्त्रज्ञ. लाइब्निट्स या जर्मन तत्त्ववेत्त्याचे अप्रसिद्ध कागद त्यांनींच संपादून काढले होते. लाइब्निट्सलाही शुद्ध तर्कावर उभी अशी भाषा रचण्याचा ध्यास होता, तेव्हां हा रोग कुतुरांना तेथूनच जडला असेल तर नवल नाहीं. १९०७ सालीं त्यांनीं एस्पेरांतोंतील शब्दसिद्धीवर एक निबंध लिहिला. त्यांतील मुख्य तत्त्व थोडक्यांत असें: शब्दसिद्धि उलटसुलट दोन्ही दिशांनीं एकच चालली पाहिजे. क्रियापदावरून नुसत्या ओकारानें नाम केलें तर तें त्या क्रियेचेंच नांव असावें, दुसऱ्या कशाचें नव्हे. आणि नामावरून क्रियापद करावयाचें असेल तर मधला संबंध सांगणारा प्रत्यय लागलाच पाहिजे. त्यांच्या पक्षाचें आवडतें उदाहरण मुकुटाचें. एस्पेरांतोंत ‘क्रोनो’ म्हणजे मुकुट आणि ‘क्रोनी’ म्हणजे मुकुट घालणें. आतां मुकुट घालण्याचा समारंभ, आपल्याकडील राज्याभिषेकासारखा, त्याला काय म्हणावें? ‘क्रोनी’ला ओकार लावला तर पुन्हा मुकुटच हातीं येतो. म्हणून ‘आद’ प्रत्यय लावून ‘क्रोनादो’ म्हणतात. पण ‘आद’ तर क्रिया चालू राहण्याचा प्रत्यय! राजाला काय सारखे मुकुट घालीत बसावयाचें? कुतुरांच्या पक्षानें ‘क्रोनो’ पासून ‘क्रोनिझार’, म्हणजे मुकुटानें युक्त करणें, असें वेगळें क्रियापद केलें, आणि त्यापासून ‘क्रोनिझो’ हें क्रियेचें नांव. संशयाला वाव नाहीं, हें मान्य.

त्या वर्षींच्या ऑक्टोबरांत पॅरिस येथें एक समिति भरली. जगासाठीं एक साहाय्यक भाषा निवडावी, असा तिचा उद्देश. चिटणीस कुतुरा, आणि सभासदांत रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्ड व डॅनिश भाषापंडित येस्पेरसन यांसारखीं मातबर माणसें. तेथें ‘इदो’ या टोपणनांवानें सुधारलेल्या एस्पेरांतोचा एक मसुदा पुढें आला. एस्पेरांतोची बाजू मांडावयास झामेनहोफ यांनीं पाठविलेले वकील होते बोफ्राँ. आणि पुढच्याच वर्षीं, १९०८ सालीं, तो ‘इदो’ आपणच, असें याच बोफ्राँ यांनीं जाहीर केलें. वकीलच प्रतिपक्षाचा अर्जदार निघाला! अक्षरांवरील टोप्या, द्वितीयेचा प्रत्यय असे वादाचे दुसरेही मुद्दे होते. परंतु तर्काच्या दृष्टीनें सर्वांत भारी मुद्दा धातुसाधितांचाच होता. पुष्कळसे पुढारी इदोकडे गेले, सामान्य मंडळी एस्पेरांतोपाशीं राहिली. झामेनहोफ हट्टी होते असें मात्र म्हणतां येणार नाहीं. १८९४ सालीं त्यांनीं स्वतःच सुधारणांचा एक मसुदा मासिकाच्या वर्गणीदारांपुढें मतास टाकला होता, आणि वर्गणीदारांनींच तो फेटाळला होता. कुतुरांचा शेवट दैवाची क्रूर थट्टा म्हणावी असा झाला. ३ ऑगस्ट १९१४ रोजीं, पहिलें महायुद्ध पेटत असतां, सैन्यभरतीचे हुकूम घेऊन जाणाऱ्या मोटारीची त्यांच्या गाडीला धडक बसून ते मरण पावले. युद्धें टळावींत म्हणून भाषा शोधणारा हा मनुष्य युद्धाच्या पहिल्याच निरोपाखालीं सांपडला.

हा वाद वाचतांना आम्हांस पुनःपुन्हा आठवण होते ती यास्काचार्यांच्या निरुक्ताची. सर्व नामें धातूंपासून झालीं असें शाकटायनाचें म्हणणें. गार्ग्य व कांहीं वैयाकरण तें मानीत नाहींत. गार्ग्याचा आक्षेप असा: क्रियेवरून नांव पडत असेल, तर जो जो ती क्रिया करील त्या त्याला तें नांव मिळालें पाहिजे. वाट आक्रमितो तो ‘अश्व’ असेल, तर वाट आक्रमणारा प्रत्येकच अश्व म्हणावा लागेल. टोंचतें तें ‘तृण’ असेल, तर टोंचणारी प्रत्येक वस्तु तृण होईल. कुतुरांनीं निरुक्त वाचलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं, पण आक्षेप तोच आहे. अमुक क्रियेचें साधन फणीच्या बाबतींत प्रत्यय घेतें, तर ब्रशच्या बाबतींत तें कां घेत नाहीं? यास्कांचें उत्तर अगदीं शांत आहे. ते म्हणतात, तीच क्रिया करणाऱ्यांपैकीं कांहींना नांव मिळतें व कांहींना मिळत नाहीं, हें आपण डोळ्यांनीं पाहतोंच. लांकूड तासणारे पुष्कळ असतात, पण ‘तक्षा’ म्हणजे सुतार हें नांव एकालाच लागतें. म्हणजे पुन्हा आजीचेंच उत्तर, फक्त ऋषींच्या तोंडून.

एस्पेरांतोच्या मदतीला मात्र ऋषि आले नाहींत, एक गणिती आले. जिनीव्हाचे रने द सोस्यूर. प्रसिद्ध भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर यांचे हे बंधु. १९१० सालीं ‘आंतिदो’ या नांवानें त्यांनीं एक पुस्तिका लिहिली; टोपणनांवावरूनच पक्ष कळावा. त्यांचें म्हणणें असें कीं धातु हा नुसता अर्थाचा गोळा नसून त्याला उपजत जात असते. ‘कोम्ब’ जातीनें क्रिया आहे, ‘ब्रोस’ व ‘क्रोन’ जातीनें वस्तु आहेत. क्रियेच्या धातूला ओकार लावला कीं क्रियेचेंच नांव मिळणार. वस्तूच्या धातूला लावला कीं वस्तूचें. वस्तूच्या धातूपासून क्रियापद केलें, तरी त्याची जात जात नाहीं. म्हणून त्यापासून क्रियेचें नाम हवें असल्यास ‘आद’ची मध्यस्थी लागते. आणि प्रत्यय लावावयाचे ते अर्थाला अवश्य तितकेच, अधिक नाहींत व उणे नाहींत. एवढ्यानें ‘क्रोनादो’चें कोडें सुटलें. तेथें ‘आद’ क्रियेचें सातत्य दाखवीत नाहीं, वस्तूच्या गोटांतून क्रियेच्या गोटांत आल्याची खूण दाखवितो. पुढें १९६७ सालीं एस्पेरांतोच्या अकादमीनें धातूंची ही स्वाभाविक जात अधिकृतपणें मान्य केली.

आमचें मत विचाराल तर, कुतुरांची मागणी चुकीची नव्हती. ती वेळ चुकून आली. वीस वर्षें लोक जी भाषा बोलले, जींत त्यांनीं पत्रें लिहिलीं, लग्नें जमविलीं, त्या भाषेला तोंवर संवय नांवाची आजी मिळालेली होती. ‘क्रोनादो’ लोकांच्या तोंडीं बसलें होतें. नियम कितीही चोख असो, तो मागाहून घरांत येऊन जुन्या भांड्यांचीं नांवें बदलूं लागला, म्हणजे घरचीं माणसें त्याला उभें करीत नाहींत. आणि सोस्यूरांनीं केलें काय? लोक बोलत होते तेंच बरोबर कसें, हें शास्त्रानें दाखविलें. पाणिनीनेंही दुसरें काय केलें?

पाणिनीचें नांव निघालें म्हणून आणखी एका रचलेल्या भाषेचा उल्लेख करतों. जेम्स कूक ब्राउन या अमेरिकन गृहस्थांनीं १९५५ सालीं तर्कशास्त्रावर आधारलेली एक भाषा हातीं घेतली. तिच्यांतून १९८७ नंतर ‘लोजबान’ ही भाषा निघाली. तिच्यांत नाम आणि क्रियापद असा भेदच नाहीं. ‘क्लामा’ हा शब्द जाण्याचा. त्याला पांच जागा बांधून दिल्या आहेत: जाणारा, पोंचण्याचें ठिकाण, निघण्याचें ठिकाण, वाट आणि वाहन. ‘लो क्लामा’ म्हणजे जाणारा. ‘लो से क्लामा’ म्हणजे जेथें जावयाचें तें. मग ‘ते’ लावून निघण्याचें ठिकाण, ‘वे’ लावून वाट, ‘खे’ लावून वाहन. जाण्याची घटना हवी असेल तर ‘लो नू क्लामा’. संस्कृत शिकलेल्या कोणालाही येथें कारकांची आठवण होईल: कर्ता, कर्म, अपादान, करण. फरक एवढाच, कीं लोजबानांत प्रत्येक कारकाला स्वतंत्र खूण, आणि आमच्याकडे ‘अन’ हा एकच प्रत्यय सर्व घरचीं कामें करतो. ‘गमन’ ही क्रिया, ‘वाहन’ हें साधन, ‘शयन’ म्हणजे निजणें आणि ज्यावर निजावयाचें तेंही, आणि ‘नयन’ म्हणजे ज्याच्या योगें आपण नेले जातों तो डोळा. याच्या उलट टोंक म्हणजे श्लायर या जर्मन धर्मोपदेशकानें १८८० सालीं प्रसिद्ध केलेली ‘व्होलाप्युक’. तिच्यांत उघडा धातु हेंच नाम. क्रियापद करावयाचें तर प्रत्यय लावावा. तेथें आपला प्रश्न उद्भवतच नाहीं, कारण सून सासरीं न जातां जांवईच घरीं आलेला.

ज्या वाचकांना एस्पेरांतोची गोडी लागेल त्यांना एक सोपी युक्ति सांगतों. १९७० सालीं निघालेल्या मोठ्या सचित्र कोशांत धातूपुढें तिरपी रेघ मारून त्याचें पहिलें रूप दिलेलें असतें. रेघेनंतर ओकार असेल तर धातु वस्तूचा, ईकार असेल तर क्रियेचा. विळी, सुई, केरसुणी, नांगर, करवत यांचे शब्द शोधूं गेलात, तर तीं सर्व कापणें, शिवणें, झाडणें, नांगरणें, चिरणें या ईकारांत शब्दांच्या पोटीं ‘इल’ लावून सांपडतील, आणि फणीही तशीच. ब्रश आणि हातोडा मात्र स्वतःच्या नांवावर, ओकारांत, वेगळे चुलीवर.